२८ खणांची गोळ्यांची डबी: आईसाठी मागवलेली

"अगं, सकाळची गोळी घेतली का मी?" आई रोज विचारायची. एकदा प्रेशरची गोळी दोनदा घेतली गेली, तेव्हा ही डबी मागवली. सात वार, दिवसाला चार खण. खण रिकामा म्हणजे गोळी पोटात. वाद मिटला.

आईला वाटत होतं, आपलं डोकं कामातून गेलं. पण रोज त्याच ओट्यापाशी, त्याच पेल्यातल्या पाण्याने केलेली गोष्ट मेंदू वेगळी नोंदवत नाही. कालची नि आजची आठवण एकमेकींत मिसळते. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली छापलेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ केली होती. तासाभरात त्यातलं निम्म्याहून जास्त उडालं! तिथे आईचं काय घेऊन बसलात.

झाकणं मात्र भलतीच घट्ट. संधिवाताच्या बोटांना उघडेनात, मी कानशीने कडा घासून दिल्या. वारांची इंग्रजी अक्षरं महिन्यात पुसली गेली. आईने नेलपॉलिशने सो, मं, बु काढलेत. काही गोळ्या पाकिटातून काढून ठेवायच्या नसतात, तेवढं औषधवाल्याला विचारा.

पाचपैकी साडेतीन. रविवारी रात्री डबी भरायची असते, ते मीच दोनदा विसरले.