जालन्यातील एकदिवसीय प्रार्थना शिबिर: एक अभिप्राय

जालन्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीने ऑगस्ट महिन्यात एका शनिवारी भरवलेल्या प्रार्थना शिबिराला मी पत्नीसह गेलो होतो. सकाळी नऊ ते दुपारी चार अशी वेळ होती, जेवणासह वर्गणी १०० रुपये होती आणि पन्नासेक माणसे जमली होती. त्यांतील बरीचशी अंबड, परतूर, घनसावंगीकडून एसटीने आली होती.

मी तेथे काय शोधत होतो, हे आधी सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात आम्ही तिला दुसऱ्याच एका ठिकाणच्या प्रार्थनासभेला नेत असू. ती प्रभूकडे गेली, तेव्हा तेथील एका सेवकाने ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे मला ऐकवले. त्यानंतर मी उपासनेला जात राहिलो, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणत राहिलो, परंतु मनातले काही त्या पित्याला सांगावे, असे मला वाटेनासे झाले होते.

शिबिरात पाळकसाहेबांनी ध्वनिक्षेपकाशिवाय अर्धा तास मनन दिले. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ हे वचन सर्वांना पाठ असते. त्यांनी मात्र त्याच्या पुढच्या ओळींवर बोट ठेवले. मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप त्याला धोंडा देईल, असे येशू तेथे विचारतो; म्हणजे प्रार्थनेचा भरवसा मागणाऱ्याच्या विश्वासाच्या वजनावर तोललेला नसून देणाऱ्याच्या बापपणावर उभा आहे. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे सततची एक पीडा, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी याचना केली आणि तरीही आपली इच्छा पित्याच्या हाती दिली. या दोघांचा विश्वास कमी पडला असे कोण म्हणेल, एवढे विचारून पाळकसाहेब खाली बसले. मी मान खाली घालून रडलो.

त्यानंतरचे दोन तास संपूर्ण शांततेचे होते आणि माझ्या मते शिबिराचे खरे मोल त्यातच आहे. कोणी आवारातल्या लिंबाखाली, कोणी उपासनामंदिरातल्या बाकावर बसले; कोणी कोणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही, की कोणाला मोठ्याने बोलायला लावले नाही. शेवटी ज्यांना इच्छा होती त्यांनीच प्रार्थना केली. अंबडकडच्या एक मावशी उठून म्हणाल्या, “बापा, वीस दिस झाले, पाऊस न्हाई. सोयाबीननं माना टाकल्या. बँकेचं तुला ठावं हाय. मला लई भ्या वाटायलंय, तेवढंच सांगायला आले.” त्यांनी काही मागितलेसुद्धा नाही. मागण्यापूर्वीच आपल्या गरजा पिता जाणतो, हे मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शिकलो होतो; त्यावर विसंबून बोलणारे माणूस मात्र इतक्या जवळून प्रथमच पाहिले.

जेवण साधे आणि चवदार होते: ज्वारीची भाकरी, वरण, वांग्याची भाजी. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वयस्कर माणसांना पुरेशा खुर्च्या नव्हत्या, आणि जेवणानंतरचे गायन मोठ्या ध्वनिक्षेपकावर झाल्याने सकाळची शांतता एकदम मोडली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने टाळ आणि पेटीवर किती गोड लागतात, हे त्या मंडळीलाही ठाऊक आहे. पुढच्या वेळी तेवढेच ठेवावे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

आजारातून हमखास बरे होण्याची खात्री हवी असेल, तर ती येथे कोणी देत नाही. पुढचे शिबिर दिवाळीनंतर आहे. आईच्या दफनविधीनंतर माझ्या धाकट्या भावाने प्रार्थनाच सोडली आहे. त्याच्या नावाची वर्गणी मी भरून ठेवली आहे, आणि तो येईल की नाही, हे रोज रात्री बापाशी बोलतो आहे.