सीआयडीचं फॅनफिक टाकायचं कुठे? एफएफएन, वॉटपॅड आणि एओथ्री तिन्ही वापरून झाल्यावरचं मत

ज्यांना अभिरिका, दरेया, राजवी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही त्यांच्यासाठी लिहितेय. बाकीच्यांना थोडक्यात, ही सीआयडी मालिकेतल्या जोड्यांची नावं (अभिजीत-तारिका, दया-श्रेया, रजत-पूर्वी), आणि एसीपी प्रद्युम्नच्या टीमवर पब्लिकने अशा हजारो गोष्टी, म्हणजेच फॅनफिक, लिहून ठेवल्यात, बहुतेक हिंग्लिशमध्ये, आणि त्यांचं माहेर म्हणजे फॅनफिक्शन डॉट नेट (एफएफएन) ही साइट. २०१८ ला मालिका बंद पडली तशी लिहिणारी मंडळी पांगली, कुणी वॉटपॅडला गेलं, कुणी संसाराला लागलं, मग डिसेंबर २०२४ ला मालिका परत आली आणि आता पुन्हा मेसेज यायला लागलेत की अगं नवीन लिहायला घेतलंय, टाकू कुठे? तिन्हीकडे माझी अकाउंटं चालू आहेत म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

आधी एफएफएन. साइट १९९८ ची, सीआयडीपण त्याच वर्षी सोनीवर सुरू झालं, आणि साइटचं रूपडं बघून वाटतं की तेव्हापासून कुणी रंगाचा हात मारलेला नाही. पण गर्दी एकाच गल्लीत आहे हे इथलं सुख. टीव्ही शोजमध्ये जायचं, सीआयडी निवडायचं, बस. नवीन चॅप्टर टाकला की गोष्ट यादीत परत वर येते आणि लॉगिन न करतासुद्धा लोक रिव्ह्यू टाकून जातात, "दी प्लीज जल्दी अपडेट करना, दया सर को कुछ मत होने देना" टाइप. हे प्रेम दुसरीकडे एवढं मिळत नाही, खरं सांगते.

पण कारभार सगळा मालकाच्या मर्जीचा. २००२ ला त्यांनी फक्त प्रौढांसाठीच्या गोष्टी बंद केल्या, २०१२ ला परत झाडू फिरवला, त्यात ढीगभर लेखन गेलं. आणि गंमत बघा, नियमात लिहिलंय की स्क्रिप्टसारखं लिहायचं नाही, आता आपल्याकडचं अर्धं लेखन नाव लिहून पुढे कोलन आणि मग डायलॉग असंच असतं, म्हणजे उद्या कुणी खरंच मनावर घेतलं तर निम्मी गल्ली रिकामी. शिवाय मजकूर सिलेक्ट होत नाही, डाउनलोडचं बटण नाही, त्यामुळे लेखिकेने गोष्ट उडवली की वाचकाच्या हातात काहीच राहत नाही. आणि आपल्या लेखिका उडवतात हो! लग्न ठरलं, नोकरी लागली, घरी कळलं, की रातोरात प्रोफाइल साफ.

वॉटपॅड मी पटकन उरकते. टोरोंटोची कंपनी, २०२१ मध्ये कोरियाच्या नेव्हरने विकत घेतली, आणि ॲप म्हणून मस्तच आहे, सगळा मोबाईलवरचा कारभार. एकेका परिच्छेदावर कॉमेंट करता येते हे त्याचं हुकमी पान, अभिजीतला गोळी लागली त्याच ओळीवर लोक रडून ठेवतात आणि लेखकाला कळतं की नेमकं कुठे लागलं. कव्हर बनवायला आवडत असेल तर अजूनच मजा. पण फुकट वाचणाऱ्याला मध्ये मध्ये जाहिराती, फाइल उतरवून घ्यायची सोय नाही, आणि तिथला वाचक प्रेमकथेला धावतो, त्यामुळे दरेया चालतं पण नुसती ड्युओची (अभिजीत-दयाची) दोस्ती किंवा धड केस असलेली गोष्ट टाकली तर कुणी ढुंकून बघत नाही. वय कमी असेल, रोज थोडं थोडं लिहायचं असेल, लगेच लाइक हवे असतील तर जा.

आता एओथ्री, म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन. २००७ मध्ये लाइव्हजर्नल ह्या ब्लॉगच्या साइटने एका फटक्यात शेकडो जर्नलं बंद केली होती, तेव्हा चाहत्यांची चांगलीच तंतरली, आणि त्याच वर्षी त्यांनी आपली ना-नफा संस्था काढली, सर्व्हर आपले, वकील आपले, २००९ ला साइट सगळ्यांना खुली झाली. जाहिरात नाही, देणग्यांवर चालते. उलट तुम्ही गोष्टीखाली "मला इथे पैसे पाठवा" अशी लिंक टाकलीत तर तेच चालत नाही.

खरी चैन टॅगची, म्हणजे गोष्टीवर लावायच्या पात्रांच्या, जोड्यांच्या खुणांची. दोन नावांमध्ये तिरकी रेघ टाकली तर प्रेमप्रकरण, आणि & टाकलं तर दोस्ती. आपल्या फॅन्डमला (चाहत्यांच्या गोतावळ्याला) ह्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, अभिजीत आणि दया मध्ये कुठलं चिन्ह यावं ह्यावर मी मैत्रिणी तुटलेल्या पाहिल्यात. इथे ज्याला जे हवं ते तो फिल्टर लावून वाचतो, दुसऱ्याच्या दारात जाऊन भांडायची गरजच पडत नाही. आणि तुम्ही नाव वाकडंतिकडं लिहिलंत तरी मागे स्वयंसेवक बसलेत ते तुमचा टॅग मूळ टॅगला जोडून देतात, फुकट, हे मला अजून झेपत नाही.

दुसरं म्हणजे वाचक तुमची गोष्ट ईपब किंवा पीडीएफ म्हणून उतरवून घेऊ शकतो. आणि लेखिकेला पळायचंच असेल तर गोष्ट न उडवता स्वतःचं नाव काढून टाकायची सोय आहे, गोष्ट तिथेच राहते, अनाथ म्हणून. लग्न ठरलेल्या बायांनो, एवढं तरी करा. मी जागा निवडताना आता हेच बघते, वाचक काय, आज इथे उद्या तिथे, आपण आणि ते दोघंही निघून गेल्यावर गोष्ट सापडणार का?

वाईट बाजूही आहेच. सीआयडीचा वाचक इथे तुटपुंजा, एफएफएनवर संध्याकाळपर्यंत दहा जणी हाक मारून जातात तिथे इथे आठवड्याने एक कुडोज (तिथलं लाइक) पडतो, तोही मुका. ॲप नाही. चोरीच्या भीतीने गोष्ट फक्त अकाउंटवाल्यांसाठी लॉक करता येते, पण आपल्या अर्ध्या वाचकांकडे अकाउंटच नसतं, म्हणजे तीही सोय अर्धीच. (एका ॲपवर माझीच गोष्ट पात्रांची नावं बदलून कुणीतरी चालवत होतं, तक्रार केली तर साचेबंद ईमेल आला, नाव घेत नाही, तेव्हापासून मी लॉक लावते.)

त्यामुळे माझा हिशेब असा: अख्खी गोष्ट एओथ्रीवर, तिथली प्रत तीच खरी प्रत, मग एफएफएनवर एकेक चॅप्टर सोडत राहायचं कारण लोक तिथे आहेत, आणि गोष्टीत लिंक टाकली तर एफएफएन ती खाऊन टाकतं म्हणून प्रोफाइलमध्ये साध्या शब्दांत लिहायचं की एओथ्रीवर ह्याच नावाने आहे. वॉटपॅड जमलं तर. एओथ्रीला साडेचार, एफएफएनला तीन (त्यातला एक जुन्या रिव्ह्यूंसाठी), वॉटपॅडला अडीच.

मराठीत लिहिणाऱ्यांनी पहिला चान्स प्रतिलिपी ह्या गोष्टींच्या ॲपला द्यायला हरकत नाही, वाचक तिथे खूप, पण तिथे पैशांचा मामला आहे, दुसऱ्याच्या पात्रांवर कमाई नको त्या भानगडीत नेऊ शकते, तेव्हा फॅनफिक असेल तर जपून. एओथ्रीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. साळुंखे आणि एसीपींची लॅबमधली खडाखडी मराठीत जी मजा आणते ती हिंग्लिशमध्ये येतच नाही, लिहून बघा. पात्रांची नावं मात्र टॅगच्या खान्यात इंग्रजी अक्षरांत टाइप करायला लागा, खाली यादी उघडते, त्यातलंच निवडा. अकाउंटसाठी आधी ईमेल देऊन रांगेत थांबावं लागतं, आमंत्रण लगेच येत नाही, आणि दिसलं नाही तर स्पॅममध्ये बघा.