पॅप आणि एचपीव्हीची पॅकेजेस: नमुना चांगला, रिपोर्ट अर्धवट

पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही गेलात तरी खासगी लॅबमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी होते: पॅप म्हणजे तिथल्या पेशींची, एचपीव्ही म्हणजे तिथला कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूची. महिला दिन जवळ आला की सवलतीचे फलकही लागतात. आम्ही ही पॅकेजेस एकाच निकषावर तपासली आहेत: रिपोर्ट हातात पडल्यावर पुढे काय करायचं, हे त्या बाईला कळतं का? इथे बहुतेक पॅकेजेस कमी पडतात.

नमुना घेण्याचं काम एकंदरीत बरं चालतं. मऊ ब्रश गर्भाशयमुखावर पाच वेळा गोल फिरवून द्रवाच्या बाटलीत घालतात. जुन्या पद्धतीने काच वापरत असतील, तर नमुना पसरताक्षणी ती अल्कोहोलमध्ये बुडवायला हवी. काच हवेत वाळली तर पेशी फुगून फिक्या दिसतात आणि वाचणारा फसतो. तक्रार आहे ती सूचनांबद्दल. आधीचे 48 तास संबंध टाळा, योनीत औषध किंवा क्रीम घालू नका, पाळी चालू असताना येऊ नका, हे नाव नोंदवतानाच सांगायला हवं. टेबलावर झोपल्यावर सांगून काय उपयोग?

आता रिपोर्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते आणि तिच्यात साधारण असं असतं: ‘नमुना समाधानकारक. ट्रान्सफॉर्मेशन झोनच्या पेशी नाहीत. एनआयएलएम. इन्फ्लमेशन.’ एनआयएलएम म्हणजे कर्करोगाच्या किंवा त्याआधीच्या बदलांची खूण सापडली नाही. बदल बहुधा ट्रान्सफॉर्मेशन झोनमध्येच, म्हणजे गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या आणि आतल्या पेशी जिथे भेटतात त्या पट्ट्यात, सुरू होतात. त्यामुळे त्या पेशी आल्या नसतील आणि वय तिशीपुढे असेल, तर एचपीव्ही करून घेणं उत्तम. ‘इन्फ्लमेशन’ या एका शब्दावर अँटिबायोटिक घेऊ नका. खाज, दुर्गंधी, वेगळा स्राव असं काही असेल तरच उपचार लागतो. नमुना ‘असमाधानकारक’ असेल तर दोन ते चार महिन्यांत पुन्हा द्यावा. पाळी बंद झालेल्या बाईत पेशी सुकल्यामुळे असं झालं असेल, तर डॉक्टर आधी काही आठवडे इस्ट्रोजेन क्रीम देऊ शकतात.

सगळ्यात जास्त झोप उडवणारा शेरा एएससी-यूएस. पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या, कारण सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच बाटलीतून एचपीव्ही करता येते. ती निगेटिव्ह आली तर तीन वर्षांनी या, पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी. म्हणून लॅब बाटली किती दिवस ठेवते, हे आधीच विचारून ठेवा. एएससी-एच, एचएसआयएल किंवा एजीसी (ग्रंथीच्या पेशींतला बदल) असे जास्त गंभीर शेरे असतील तर ‘सहा महिन्यांनी पॅप पुन्हा करू’ हा सल्ला ऐकू नका. तिथे कॉल्पोस्कोपी लागतेच. एजीसीमध्ये गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीचा नमुनाही घेतात आणि वय 35 किंवा जास्त असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचाही.

एचपीव्हीच्या रिपोर्टमध्ये नुसतं ‘हाय रिस्क पॉझिटिव्ह’ छापणाऱ्या लॅबला आम्ही निम्मेच गुण देतो. विषाणूचा प्रकार कळायलाच हवा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापैकी सुमारे 70 टक्के 16 आणि 18 या प्रकारांमुळे होतात. त्यांपैकी एक सापडला तर पॅप नॉर्मल असली तरी कॉल्पोस्कोपी करावी. बाकीचे प्रकार असतील आणि पॅप नॉर्मल असेल, तर वर्षाने पुन्हा तपासणी. बहुतेकींचा संसर्ग एक-दोन वर्षांत शरीरच घालवतं. आणखी एक, कारण यावरून घरं मोडतात: विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कुणाकडून आणि कधी आला, हे कुठलाही रिपोर्ट सांगू शकत नाही.

कॉल्पोस्कोपीत 3 ते 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लावून दुर्बिणीतून पाहतात. बाधित जागा पांढरी पडते, तिथून तांदळाएवढे तुकडे घेतात. बायोप्सीत कर्करोगाआधीच्या बदलांना सीआयएन म्हणतात, 1 सौम्य ते 3 तीव्र. सीआयएन 1 आलं तर सहसा फक्त लक्ष ठेवायचं. सीआयएन 3 ला उपचार लागतोच. सीआयएन 2 लाही बहुतेकदा लागतो, पण मूल हवं असलेल्या तरुण बाईत काही काळ थांबून पाहता येतं. उपचार म्हणजे लीप (विजेच्या तारेने बाधित भाग कापून काढणं), नाहीतर थर्मल अ‍ॅब्लेशन (उष्णतेने तो जाळणं). सीआयएन 1 साठी कुणी ‘पिशवी काढून टाका’ म्हटलं तर दुसरं मत घ्या. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जायचं तर काणकोण किंवा पेडण्याहून अख्खा दिवस मोडतो. तेव्हा पूर्ण रिपोर्ट, एचपीव्हीचा प्रकार आणि शेवटच्या पाळीची तारीख सोबत ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. उपचारानंतर सहा महिन्यांनी एचपीव्ही, मग दरवर्षी, तीन वेळा लागोपाठ निगेटिव्ह येईपर्यंत. त्यापुढे दर तीन वर्षांनी, किमान 25 वर्षं. ही तारीख लावून देणारी लॅब आम्हाला अजून हवी आहे.

घ्यायचंच तर तिशीपुढे प्रकारासहित एचपीव्ही घ्या, गरज पडल्यास त्याच बाटलीतून पॅप होईल असं. निगेटिव्ह आली की पाच वर्षं निर्धास्त. एकविशी ते तिशी पॅप पुरे. सोनोग्राफी आणि सीए-125 ही रक्ततपासणी जोडून महाग केलेलं पॅकेज या कामासाठी नको. गर्भाशयमुखाचे सुरुवातीचे बदल दोन्हींत दिसत नाहीत. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी चुकवायची नाही.

संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग दिसत असतील, तर पॅकेज शोधत बसू नका. आधीचा पॅप नॉर्मल असला तरी थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन गर्भाशयमुख डोळ्यांनी तपासून घ्या.