बर्फकणांचे ढग: विमानातलं रडार की वरचा उपग्रह?

१ जून २००९. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ विमान अटलांटिकवरच्या वादळी ढगांत शिरलं. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फकणांनी थोडा वेळ तुंबल्या, ऑटोपायलट बंद पडला आणि पुढच्या गोंधळात २२८ जीव गेले. हे कण आधी दिसावेत कसे?

विमानाच्या नाकातलं रडार पाऊस आणि ओल्या गारा छान पकडतं. पण परत येणारा संकेत कणाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतो. व्यास निम्मा झाला, की एका कणाचा संकेत ६४ पट क्षीण! त्यात बर्फ पाण्यापेक्षा कमीच परावर्तन करतो. म्हणून पिठासारखे बारीक कण दाटलेले असतानाही पडद्यावर नुसता हिरवा रंग, कधी तोही नाही. वैमानिकाला वाटतं, वाट मोकळी आहे.

जपानचा हिमावारी किंवा अमेरिकेचा गोज उपग्रह साधारण ३६,००० किलोमीटरवरून दर १० मिनिटांनी पृथ्वीची समोरची बाजू टिपतो. इन्फ्रारेडमध्ये ढगाचा माथा किती थंड आहे, तो घुमटासारखा वर उसळलाय का, हे कळतं. अशा माथ्याखाली बर्फ दाट असण्याची शक्यता मोठी. अर्थात दिसतो तो माथाच. पोटातला बर्फ अंदाजानेच काढावा लागतो. तो अंदाज तपासायला २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराजवळ संशोधक विमान घेऊन थेट अशा ढगांत शिरले होते.

समोरच्या गडगडाटी ढगाला वळसा घालायला रडारच हवं. पण समुद्रावरचा लांबचा मार्ग ठरवताना मी उपग्रहावरच भिस्त ठेवीन, आणि ते चित्र कॉकपिटमध्ये ताजं पोचायलाच हवं.