मायकल जॅक्सनचा ‘मायकल’ अल्बम : काही महिने ऐकल्यानंतर

मायकल जॅक्सन गेल्यावर दीड वर्षाने, डिसेंबर २०१० मध्ये आलेली ही सीडी. जुनी मिळाली तर जरूर घ्या, पण तिच्यातल्या १० गाण्यांना एकच न्याय लावू नका. ३ नंबरचं ‘कीप युअर हेड अप’, ५ नंबरचं ‘मॉन्स्टर’ आणि ७ नंबरचं ‘ब्रेकिंग न्यूज’ ही ‘आवाज खरंच मायकलचा का’ या वादातली. न्यू जर्सीत मित्र एडी कॅसिओच्या घरच्या स्टुडिओत २००७ मध्ये मायकलने ती गायली, असा दावा आहे. सतत ऐकून माझं मत पक्कं झालंय : हा आवाजाचा लगाव, म्हणजे स्वर लावायची ढब, त्याची नाही.

आधी १० नंबरचं ‘मच टू सून’ लावा. साथ अगदी मोजकी असल्याने गळा उघडा ऐकू येतो. तो स्वर सरळ धरतो, कंप उशिरा आणि सैल येतो. लगेच ‘कीप युअर हेड अप’ लावा. इथे स्वर लागतो न लागतो तोच थरथरायला लागतो, बारीक आणि घाईचा. मध्येच येणारे हुंकार मात्र हुबेहूब मायकलचे. पण हुंकार जुन्या ध्वनिमुद्रणातून उचलून चिकटवता येतात, ओळच्या ओळ नाही. म्हणून लांब धरलेल्या स्वरांवरच कान ठेवा.

डोळ्यांनी पाहायचं तर सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारी फाइल) उतरवा आणि डेमक्स या सॉफ्टवेअरने आवाज व वाद्यं वेगळी करा. डेमक्स मुख्य आवाज आणि कोरस मात्र वेगळे करत नाही, आणि ‘मॉन्स्टर’मधलं फिफ्टी सेंटचं रॅपही त्याच फाइलमध्ये येतं. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे स्वरांच्या रेषा दाखवणारं चित्र, उघडा. विंडो साइज, म्हणजे एका वेळी मोजायचा आवाजाचा तुकडा, २०४८ ठेवा. ८१९२ ठेवली तर एका तुकड्यात १८६ मिलिसेकंद जातात. सेकंदाला सहा वेळा होणारा कंप त्यात पुसला जाऊन सपाट पट्टा दिसतो. पाहायचं ते पाचव्या-सहाव्या हार्मोनिकवर (मूळ स्वराच्या पाच-सहा पट कंपनसंख्येच्या रेषेवर), कारण तिथे लाटेची उंची पाच-सहा पट होते. मूळ स्वराच्या रेषेवर काहीच कळत नाही.

पण यातून गायकाचं नाव सिद्ध होत नाही. पिच सुधारणारं सॉफ्टवेअर कंप दाबतं, आणि एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक बसवली असेल तर रेषा एकमेकींत गुंततात. नुसत्या स्क्रीनशॉटवरून निकाल देणाऱ्यांवर विसंबू नका.

कोर्टातही ‘गायलं कोणी’ याचा निकाल लागलेला नाही. २०१४ मध्ये एका चाहतीने फसवणुकीचा दावा लावला. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने, आवाज मायकलचा असल्याचा वेष्टनावरचा मजकूर ही व्यापारी जाहिरात ठरवली, म्हणजे त्यावरून दावा चालू शकतो एवढंच. तडजोडही त्याच सुमारास झाली. जुलैमध्येच तिन्ही गाणी स्ट्रीमिंगवरून काढली होती. त्याचा आवाजाच्या खरेपणाशी संबंध नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. ज्यांनी पैसे मोजून सीडी घेतली, त्यांना याहून स्पष्ट उत्तर मिळायला हवं होतं.

उरलेली सात गाणी मात्र सोडू नका. ‘बिहाइंड द मास्क’ यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी बँडच्या चालीवरचं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यातली शब्दफेक ऐकण्यासारखी आहे. ‘हॉलिवूड टुनाइट’मधला बोललेला भाग पुतण्या टॅरिल जॅक्सनचा आहे आणि तशी नोंदही आहे, त्यामुळे तिथे गोंधळू नका. ताडून पाहायला आणखी माल हवा असेल तर मायकलच्या २०१४ च्या ‘एक्स्केप’ अल्बमची डिलक्स आवृत्ती घ्या. तिच्यात नव्या साजातल्या गाण्यांबरोबर मूळ ध्वनिमुद्रणंही दिली आहेत.