चीनची रेल्वे: वूहानमध्ये शिकवता शिकवता घेतलेला अनुभव

आधी गुण देऊन टाकतो, शिक्षकाची सवय. गाडीला दहापैकी नऊ. तिकीट मिळण्याला सहा. परदेशी पासपोर्ट घेऊन स्टेशनात शिरण्याला पाच, आणि तेही हात सैल सोडून.

मी वूहानमधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवतो. इंग्रजी शिकवायच्या नोकऱ्या इथे बहुतेक ब्रिटन, अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशा देशांच्या पासपोर्टवाल्यांना मिळतात. आपली भारतीय मंडळी गणित, विज्ञान नाहीतर योगवर्गात सापडतात. शाळेचं वर्ष संपत आलंय, आणि या काळात चीनमध्ये जिथे गेलो तिथे शक्यतो रेल्वेनंच गेलो. नोकरीसाठी इकडे यायच्या विचारात असलेले लोक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर.

राहायला वूहान मिळालं हे माझं नशीब. बीजिंग–ग्वांगचौ हा उत्तर-दक्षिण वेगवान मार्ग आणि शांघायहून पश्चिमेला जाणारा मार्ग इथे एकमेकांना भेटतात. बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ, शिआन, कुठेही साधारण चार-पाच तासांत पोचता येतं. पण ‘वूहान स्टेशन’ एवढ्यावर भागत नाही. बीजिंग आणि ग्वांगचौच्या बहुतेक वेगवान गाड्या वूहान स्टेशनावरून, शांघायकडच्या बऱ्याचशा हानकौवरून, आणि रात्रीच्या जुन्या स्लीपर गाड्या वूचांगवरून सुटतात. यांच्यामध्ये यांगत्से नदी आहे आणि मेट्रोचा बराच प्रवास आहे. तिकिटावरचं स्टेशनाचं नाव दोनदा वाचा.

गाडीबद्दल तक्रार करायला मला जागा शोधावी लागते. जी अक्षराच्या, म्हणजे सर्वांत वेगवान वर्गातल्या, गाड्या ताशी ३५० किलोमीटरपर्यंत धावतात आणि टेबलावर ठेवलेला चहा हलत नाही. सेकंड क्लासमध्ये एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या. पाय पसरायला आपल्या चेअर कारपेक्षा जास्त जागा. ए आणि एफ या खिडकीच्या जागा, बी ही तिघांमधली मधली, ती टाळा. तपासायच्या वह्या बरोबर असतील तर डी-एफची बाजू बरी, शेजारी एकच माणूस. फलाटावर कुठला डबा कुठे थांबणार याच्या खुणा असतात आणि डबा तिथेच थांबतो. मधल्या स्टेशनांवर गाडी दोनच मिनिटं थांबते, त्यामुळे उतरायचं असेल तर आधीच दाराशी जाऊन उभं राहायचं. आवाजाचं मात्र सांगता येत नाही: मोबाइलवर मालिका मोठ्यानं लावणारे काका आपल्याकडे आहेत तसे तिथेही आहेत. काही गाड्यांना शांत डबा असतो, तिकीट काढताना तो निवडता येतो. मी नेहमी निवडतो.

आता पासपोर्ट. चीनमध्ये रेल्वेचं तिकीट नावावर आणि ओळखपत्राच्या क्रमांकावर निघतं. २०२० पासून ई-तिकीट देशभर आलं, कागद जवळजवळ गेला, आणि तुमचा पासपोर्ट हेच तुमचं तिकीट झालं. चिनी माणूस ओळखपत्र यंत्राला टेकवून पुढे जातो. आपण बहुतेक ठिकाणी कडेच्या माणूस असलेल्या फाटकाकडे वळायचं. तिथे लहान मुलांना घेतलेले पालक, म्हातारी मंडळी आणि आपण. कर्मचारी पासपोर्ट वाचणाऱ्या यंत्रावर ठेवतो आणि आपल्याला सोडतो. एरवी हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण सुट्टीच्या दिवशी त्या रांगेत वीस मिनिटं जातात, आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं. त्याच्याआधी सामानाची क्ष-किरण तपासणी असतेच. फळं कापायचा मोठा चाकू किंवा डिओडरंटचा मोठा फवारा पिशवीत असेल तर तो तिथेच राहील. स्टेशनावर पाऊण तास आधी पोचणं हा माझा नियम. दक्षिण आफ्रिकेची एक सहकारी वीस मिनिटं आधी येते आणि तरी गाडी पकडते, पण तिच्यासारखं काळीज माझ्याकडे नाही.

१२३०६ हे रेल्वेचं अधिकृत ॲप, त्याची इंग्रजी आवृत्ती आहे. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरायचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाच्या रकान्यातच वडिलांचंही नाव असतं, ते सगळं लिहायचं, आडनाव वेगळं. पासपोर्ट नवा काढलात तर ॲपमधला क्रमांकही बदला. आणि निवासी परवान्याच्या कामासाठी पासपोर्ट पोलिसांच्या कार्यालयात जमा असतो, ते दिवस प्रवासाच्या दृष्टीनं कोरडेच धरा. वर्क व्हिसावर आल्यावर तीस दिवसांत परवान्याचा अर्ज करावाच लागतो, म्हणजे पहिला महिना फिरण्याची स्वप्नं बघू नका.

खरी अडचण शिक्षकांना येते ती सुट्ट्यांची. शाळा बंद असते तेव्हा अख्खा चीन प्रवासाला निघालेला असतो. १ ऑक्टोबरचा आठवडा, मे महिन्याच्या सुरुवातीची सुट्टी, आणि वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, ज्याच्या आगेमागे चाळीस दिवस गर्दीचा काळ म्हणून रेल्वे वेगळी व्यवस्था करते. त्यात आणखी एक गंमत: सलग सुट्टी जुळवण्यासाठी सरकार आजूबाजूचा एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा करतं. म्हणजे सुट्टी मिळाली म्हणून आनंद करावा आणि रविवारी सकाळी आठला सातवीचा बीजगणिताचा तास घ्यावा!

आपल्याकडे ६० दिवस आधी आरक्षण खुलं होतं. इथे फक्त १५ दिवस, आणि त्यात प्रवासाचा दिवसही धरलेला. १ ऑक्टोबरचं तिकीट १७ सप्टेंबरला विक्रीला येतं. प्रत्येक स्टेशनाची विक्री सुरू होण्याची वेळ वेगळी असते, ती आधी बघून ठेवा, आणि बहुधा ती नेमकी तुमच्या तासाच्या वेळेत असते. स्टाफरूममध्ये आम्ही मोकळा तास असलेल्या माणसाला सगळ्यांची तिकिटं काढायला बसवतो. जागा संपल्या तर प्रतीक्षायादी आहे: पैसे आधी भरायचे, कुणी तिकीट रद्द केलं तर तुम्हाला मिळतं, नाहीतर पैसे परत. वेटिंगवर गाडीत चढायची आपली पद्धत इथे नाही. पण बिनजागेचं तिकीट मात्र रीतसर विकतात, आणि सेकंड क्लासच्याच दरानं! चार तास उभं राहायचे तेवढेच पैसे, हे गणित मला अजून पटलेलं नाही. अनुभवी लोक घडीचं स्टूल घेऊन येतात.

रद्द करण्याचे नियम उदार आहेत. आठ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर काहीच कापत नाहीत. त्यानंतर ४८ तासांपर्यंत ५ टक्के, २४ तासांपर्यंत १० टक्के आणि शेवटच्या दिवसात २० टक्के. म्हणून विक्री उघडताच तिकीट घ्यायचं आणि मग बेत ठरवायचा.

वेगवान गाडी स्वस्त नाही. वूहान ते बीजिंग सेकंड क्लासला पाचशेच्या वर युआन, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास. रात्रीच्या स्लीपरचं साधारण निम्म्यात भागतं, आणि हॉटेलची एक रात्र वाचते. साध्या स्लीपरमध्ये सहा बर्थ, दार नाही. वरचा बर्थ इतका छताला लागून की उठून बसता येत नाही. दहाच्या सुमाराला दिवे जातात. डब्यांच्या जोडावर सिगारेटचा धूर असतो (वेगवान गाडीत धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे, हे तिचं मोठं सुख). तरी मला ही गाडी आवडते. जी गाडीत प्रत्येक जण आपापल्या मोबाइलच्या पडद्यात असतो. इथे खालच्या बर्थवर बसून आजी सूर्यफुलाच्या बिया पुढे करतात आणि भाषांतराच्या ॲपवर पगार, लग्न, मुलंबाळं सगळं विचारून घेतात. माझं चिनी जेवढं सुधारलं, तेवढं याच गाड्यांत.

शाकाहाऱ्यांनी डबा बांधून न्यावा. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, पण नूडल्सच्या बहुतेक वाट्यांत मांसाचा रस्सा असतो. मी सुटायच्या आधी स्टेशनाबाहेर तिळाची पेस्ट घातलेल्या वूहानच्या कोरड्या नूडल्स खाऊन घेतो.

कुठे जावं हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण मराठी माणसानं शिच्याच्वांगची एक फेरी चुकवू नये. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला आलेलं भारतीय वैद्यकीय पथक हानकौला, म्हणजे आजच्या वूहानमध्ये, पोचलं, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. तिथून येनानपर्यंत, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या तळापर्यंत, पोचायला त्यांना पुढचं साल उजाडलं. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांची समाधी शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, चीनमध्ये जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही तिथेच. हे शहर बीजिंगच्या मार्गावरच पडतं, वूहानहून तीन-साडेतीन तास. शाळेत चिनी सहकाऱ्यांना ‘मी कोटणीसांच्या राज्याचा’ असं सांगितलं की वयस्कर लोकांचा चेहरा बदलतो. तरुणांना मात्र समजावून सांगावं लागतं. शिआनला गेलात तर ६५२ मध्ये बांधलेला मोठा हंस पॅगोडा बघा. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या श्वेनत्सांगनं (आपला ह्युएनत्संग, चिनी बौद्ध भिक्षू) भारतातून आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो उभारला.

पाच तासांपर्यंतच्या अंतराला मी विमानाचा विचारही करत नाही. त्यापुढे रात्रीची गाडी, आणि खुनमिंगसारख्या लांबच्या शहराला सुट्टी थोडी असेल तर विमान. आई-बाबा नोव्हेंबरमध्ये येताहेत. चीनमध्ये तेव्हा मोठी सुट्टी नसते, तिकिटं सहज मिळतात, फाटकावर गर्दी नसते. त्यांना बीजिंगला जी गाडीनं नेणार आणि परत येताना स्लीपर. बाबांना खालचा बर्थ हवाय, तो लवकर संपतो, तेव्हा विक्री उघडायच्या दिवसाचा गजर लावून ठेवलाय.