सायकलला फ्लॅट पेडल की क्लिपलेस? खिसा हलका असेल तर

सोलापुरात सात रस्त्यासारख्या चौकांत सारखा पाय टेकवावा लागत असेल, तर फ्लॅटच घ्या. पिना असलेलं नायलॉनचं पेडल आणि कडक, सपाट तळाचे बूट पुरतात. मऊ रनिंग शूज मात्र पेडलवर वाकतात, तळवा दुखतो. क्लिपलेसमध्ये बूट पेडलमध्ये अडकतो, त्यामुळे पेडल, क्लीट (बुटाच्या तळाला बसणारा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा), बूट असा तिहेरी खर्च. अक्कलकोट रोडला लांब जाणार असाल तरच परवडतो, आणि तोही एसपीडीवर, म्हणजे दोन बोल्टने बसणाऱ्या क्लीटच्या प्रकारावर. तीन बोल्टचं क्लीट तळाबाहेर येतं, चालताना झिजतं. सुरुवातीला क्लीट पकडणारी पेडलची स्प्रिंग सैल ठेवा, नाहीतर पाय वेळेत सुटणार नाही आणि सिग्नलला सायकलसकट आडवे! कुठलंही बसवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चुकीच्या बाजूने जोर लावलात तर क्रँकच (पेडल ज्यात बसतं तो दांडा) बाद. आधी ग्रीस, मग हाताने दोन-तीन फेरे, शेवटी १५ मिमीचा पाना.